मृत्युपत्र, शेवटचं आजारपण आणि दफनविधी: मराठवाड्यातल्या कॅथलिक घरांसाठी

वारसाहक्काबद्दल गावात जे काही सांगितलं जातं, मग ते पारावर असो, तहसीलच्या आवारात असो की बॉण्ड रायटरच्या टेबलावर, ते जवळपास सगळं हिंदू वारसा कायद्यातलं असतं. सांगणाऱ्याची चूक नाही. त्याच्याकडे येणाऱ्या शंभर माणसांत ख्रिस्ती एखादाच असतो. पण आपल्याला तो कायदा लागू नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मालमत्ता भारतीय वारसा अधिनियम १९२५ प्रमाणे वाटली जाते, आणि दोन्ही कायद्यांत फरक थोडाथोडका नाही. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, लोकांची कागदपत्रं बघताना मला वारंवार जाणवतं, की स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) तारीख तोंडपाठ असलेल्या घरात आई किंवा विधवा सून हिचा हक्क किती, हे कोणालाच माहीत नसतं.

म्हणून आधी कायदा, मग मृत्युपत्र, मग आजारपण, आणि शेवटी मातीच्या दिवसाची व त्यानंतरची कामं, अशा क्रमाने लिहितो.

पहिलं काम: मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते समजून घ्या

समजा, वैजापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या नावावर ९ एकर जमीन आहे. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. मृत्युपत्र नाही. बायकोला एक-तृतीयांश म्हणजे ३ एकर. उरलेल्या ६ एकरांत तिन्ही मुलं सारखी, प्रत्येकी २ एकर. मुलगी लग्न होऊन जालन्याला गेली असली तरी तिचे २ एकर तिचेच. ‘लग्नात खर्च केला, तिचा हिस्सा फिटला’ हे भावकीचं गणित आहे, कायद्याचं नाही. बाप जिवंत असताना तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली तर तिलाही अर्थ नसतो, कारण जो हक्क अजून मिळालेलाच नाही तो सोडता येत नाही. बाप गेल्यावर तिला स्वखुशीने सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं.

आता यातला थोरला मुलगा बापाच्या आधीच वारला आहे, त्याची बायको आणि दोन लेकरं घरात आहेत, असं धरा. त्याचे २ एकर त्याच्या दोन लेकरांना, एकेक एकर. सुनेला काहीच नाही. हिंदू कायद्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गाची वारस असते, आपल्या कायद्यात ती वारसच नाही. वीस वर्षं घर चालवलेली, सासऱ्याचं दुखणं काढलेली सून हक्काने एक गुंठाही मागू शकत नाही. तिला द्यायचं असेल तर सासऱ्याने मृत्युपत्रात तिचं नाव लिहिलं पाहिजे.

म्हाताऱ्या आईचंही तसंच. मुलगा गेला आणि त्याला लेकरं असतील, तर त्याच्या आईवडिलांना काही मिळत नाही. लेकरं नसतील तर बायकोला अर्धं. उरलेलं अर्धं वडिलांना, आणि वडील असेपर्यंत आईला त्यातलं काही नाही. वडील आधीच गेले असतील तरच ते अर्धं आई आणि भावंडं सारखं वाटून घेतात. म्हणजे मुलगा कमावता आणि आई त्याच्यावर अवलंबून असेल, तर मुलाचं वय पस्तीस असलं तरी मृत्युपत्र त्यानेच करायला हवं. मृत्युपत्र हे म्हाताऱ्यांचंच काम, या समजुतीने आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे.

बायको आधी गेली आणि मालमत्ता तिच्या नावावर असेल, तर नवऱ्याला हेच नियम, हेच प्रमाण.

दुसरा मोठा फरक ‘वडिलोपार्जित’ जमिनीचा. एकत्र कुटुंबात मुलगा जन्मला की त्याचा हक्क जन्मला, ही हिंदू कायद्यातली कल्पना आहे. ख्रिस्ती माणसाला बापाकडून मिळालेला हिस्सा त्याच्या पूर्ण मालकीचा असतो, तो कोणालाही देऊ शकतो. ‘आजोबांची जमीन आहे, तुम्हाला मृत्युपत्र करताच येत नाही’ असं कोणी सांगितलं, तर सांगणारा दुसऱ्या कायद्यातलं सांगतो आहे. मात्र आजोबा-पणजोबांच्या काळात धर्मांतर झालं असेल आणि जमीन त्याआधीपासून भावकीत एकत्र असेल, तर हिस्सा नेमका कसा पडला ते जुन्या फेरफारावरून वकिलाला दाखवूनच पुढे जा.

एकाच घरात दोन धर्म असतील तर

आपल्याकडे हे घरोघरी आहे. काका बौद्ध, आत्या हिंदू, आपण कॅथलिक. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क जात नाही, पण धर्मांतरानंतर त्याला झालेली लेकरं आणि त्यांचे वंशज हिंदू नातलगाच्या मालमत्तेचे वारस होत नाहीत. वारसा उघडतो, म्हणजे तो नातलग मरतो, त्या वेळी ते स्वतः हिंदू असतील तरच होतात. या कायद्यात बौद्धही हिंदूंमध्येच धरले आहेत. म्हणून निपुत्रिक बौद्ध काकांना आपल्या ख्रिस्ती पुतण्याला घर द्यायचं असेल, तर त्यांनी मृत्युपत्र केलंच पाहिजे. उलट बाजूने अशी आडकाठी नाही. ख्रिस्ती बापाचा मुलगा बौद्ध असला तरी वारस राहतो.

यातला नाजूक भागही लिहितो, कारण तो टाळून कोणाचं भलं होत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्धांपुरत्याच आहेत. त्यामुळे कित्येक घरांत चर्चच्या नोंदवहीत एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा, अशी स्थिती आहे. माणूस गेल्यावर वारसांपैकी एक म्हणतो तो ख्रिस्ती होता, दुसरा म्हणतो हिंदू होता, कारण कायदा बदलला की हिस्सा बदलतो. अशा दाव्यात स्नानसंस्काराचा दाखला आणि टीसी समोरासमोर येतात आणि वर्षानुवर्षं जातात. स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्राने देण्याची मुभा दोन्ही कायद्यांत आहे, म्हणून नीट केलेलं मृत्युपत्र हे भांडणच बरंचसं निकामी करतं. आपल्या भागात मृत्युपत्र हवं याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे.

दुसरं काम: कागद आणि नावं

सातबारा, आठ-अ, गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायत नमुना नंबर ८ किंवा मालमत्ता पत्रक, बँक आणि पोस्टाची पासबुकं, एलआयसीच्या पॉलिसी, पीएफ, सोसायटीचं पीककर्ज, आणि हातउसने घेतलेले-दिलेले पैसे. हे सगळं एका वहीत. शेजारी स्नानसंस्काराचा आणि चर्चमधल्या लग्नाचा दाखला.

मग प्रत्येक कागदावरचं नाव वाचा. नोंदवहीत योसेफ, सातबाऱ्यावर यशवंत, आधारवर जोसेफ, असं असेल तर मृत्युपत्रात ‘योसेफ उर्फ यशवंत उर्फ जोसेफ’ असं सगळं लिहा. जिवंतपणी आधार किंवा बँकेतलं नाव जुळवून घेता आलं तर आणखी बरं. मेलेल्या माणसाचं नाव दुरुस्त करायला निघालेल्या विधवेची तहसीलमध्ये काय दशा होते ते मी पाहिलं आहे.

जमीन कोणत्या प्रकारची आहे तेही बघा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे इनाम, वतन किंवा सरकारने वाटप केलेली जमीन, तर वारसांकडे ती जाते, पण विक्री किंवा बक्षीस सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय होत नाही. वारसाबाहेरच्या कोणाला मृत्युपत्राने देण्याआधीही सल्ला घ्या. निजामाच्या काळातल्या इनामांचे शेरे आपल्याकडच्या कागदांवर अजून आहेत, ते वाचून घ्या. गायरान कसत असाल तर त्यावर ताबा असेल, मालकी नाही. ती ‘माझी जमीन’ म्हणून मृत्युपत्रात लिहून लेकरांना खोटी आशा लावू नका. अतिक्रमणाच्या नोंदी, दंडाच्या पावत्या मात्र जपून त्यांच्या हाती द्या.

मिशनच्या जागेवर घर असेल तर जागा संस्थेची, आपली नाही. राहण्याची परवानगी पुढच्या पिढीला चालू राहते का, हे फादरांकडून आणि धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयातून लेखी विचारून ठेवा.

तिसरं काम: मृत्युपत्र लिहिणं

साधा कोरा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही. मराठीत लिहा, घरातल्या सगळ्यांना कळेल असं. करणारा १८ वर्षांवरचा आणि शुद्धीवर असला पाहिजे. दोन साक्षीदार हवेत, आणि प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना पाहून मग स्वतः सही केली पाहिजे. अंगठा चालतो. तेव्हा ‘मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, समजला’ अशी ओळ घाला. वय जास्त असेल किंवा दुखणं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. ‘विहिरीकडचा तुकडा धाकट्याला’ एवढ्यावर भागत नाही. पण ती विहीर कोणाच्या हिश्शात, पाण्याची पाळी कशी आणि वाट कोठून, हे जरूर लिहा. बांधावरची निम्मी भांडणं पाण्याची आणि वाटेची असतात. शेवटी ‘याखेरीज जे काही निघेल ते अमक्याला’ असं एक कलम ठेवा, नाहीतर राहून गेलेलं खातं पुन्हा कायद्याच्या वाटणीत जातं. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमा. लेकरं लहान असतील तर पालक नेमून ठेवा.

आपल्या कायद्यातल्या दोन अटी गावात सहसा कोणी सांगत नाही. साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या नवऱ्याला-बायकोला मृत्युपत्रात काही दिलं असेल, तर ते देणं रद्द होतं. मृत्युपत्र टिकतं, पण त्या माणसाचा वाटा जातो. जावयाला साक्षीला बसवलं आणि लेकीला २ एकर लिहिले, की लेकीचे २ एकर गेले. म्हणून साक्षीदार बाहेरचे घ्या आणि वयाने आपल्यापेक्षा लहान घ्या. दुसरं असं, की लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. विधुराने पुन्हा लग्न केलं तर पहिल्या लेकरांसाठी केलेला कागद त्या दिवसापासून निरुपयोगी, दुसऱ्या लग्नानंतर नवा करावा लागतो. या दोन्ही अटी हिंदूंच्या मृत्युपत्राला नाहीत, म्हणून बॉण्ड रायटरच्या तयार नमुन्यात त्यांची आठवण नसते.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नाममात्र फी लागते. मजकूर कोणाला कळू द्यायचा नसेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे. नंतर एखादी ओळ खोडून वर लिहिलं आणि पुन्हा दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या नाहीत, तर ती दुरुस्ती धरली जात नाही. दुरुस्त्या जास्त असतील तर नवंच करा आणि ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असं पहिल्याच परिच्छेदात लिहा.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, धास्ती घेऊ नका. २००२ च्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं राहिलेलं नाही. वाद असेल तर कोर्टात जावंच लागतं, ते वेगळं.

फादरांना व्यवस्थापक नेमायचा मोह होतो, कारण त्यांच्यावर विश्वास असतो. पण चर्चच्या कायद्यातल्या कॅनन २८५ प्रमाणे धर्मगुरूला वरिष्ठांच्या परवानगीशिवाय सामान्य माणसाच्या मालमत्तेचा कारभार घेता येत नाही. शिवाय त्यांची बदली होते. त्यांच्याशी सल्लामसलत करा, कारभार नात्यातल्या किंवा गावातल्या सरळ माणसाकडे द्या.

घरातून कोणी सिस्टर किंवा फादर झालं असेल तर ‘ते आता घरचे राहिले नाहीत’ असं धरून नाव गाळू नका. त्यांना द्यायचं असेल तर तसं, नसेल तर कारणासह तसं लिहा. संन्यस्तांनी कायमच्या व्रतांआधी स्वतःचं मृत्युपत्र करायचं असतं. ते झालं आहे का, हे त्यांनाच विचारा.

चर्चला द्यायचं असेल तर

पूर्वी ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने काही द्यायचं तर कलम ११८ ची अट होती. जवळचे नातलग असतील तर मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं आणि करताच सहा महिन्यांत जमा केलेलं हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम यांच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. आता तशी आडकाठी नाही.

अडचण येते ती नावाची. ‘आमच्या चर्चला’ किंवा ‘फादर अमुक यांना’ असं लिहू नका. चर्चची मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या नावावर असते. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. त्याच्या कार्यालयातून संस्थेचं नोंदणीकृत नाव आणि क्रमांक आणून जसाच्या तसा लिहा. कशासाठी द्यायचं तेही लिहा, मग ते दफनभूमीच्या कुंपणाला असो, मिस्सांना (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) असो की वसतिगृहातल्या मुलांच्या फीला. हेतू सांगून दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरणं चर्चवर बंधनकारक असतं. आणि घरातली विधवा सून मोकळ्या हाताने राहणार असेल, तर आधी तिचं बघा, मग चर्चच्या घंटेचं.

बक्षीसपत्र आणि नॉमिनी

राहतं घर किंवा शेती नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना जिवंतपणी बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून लोक घाई करतात. बक्षीसपत्र परत फिरवणं फार कठीण. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. द्यायचंच असेल तर ‘मरेपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द कागदात हवेतच. मग सांभाळ झाला नाही तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. शब्द नसतील तर अट सिद्ध करता करता म्हातारा माणूस थकतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेकडून पैसे उचलायचा अधिकार त्याला, पण ते वारसांना द्यायची जबाबदारीही त्याचीच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं. विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानण्याची तरतूद आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. लग्नाआधी लावलेलं आईचं नाव लग्नानंतर तसंच राहिलं आहे का, बघा.

आजारपणात

रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा विधी, हा मरणाऱ्याचाच संस्कार, ही समजूत अजून गेलेली नाही. फादर तेलाची कुपी घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू होते, म्हणून लोक बोलवायचं लांबवतात आणि मग माणूस बेशुद्ध असतो. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, उतारवयातला अशक्तपणा, या कोणत्याही वेळी तो घेता येतो, आणि दुखणं वाढलं तर पुन्हा घेता येतो. बोलता येत असताना बोलावलं तर पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसादही होतो. हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, आणि आपल्याकडे एका फादरांच्या पदरात कितीतरी गावं असतात. माणूस ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात भरती असेल तर गावच्या फादरांची वाट न बघता छत्रपती संभाजीनगरमधल्या जवळच्या धर्मग्रामात फोन करा.

आता यंत्रांचा प्रश्न. मरण जवळ आणण्याला चर्चची मान्यता नाही, इंजेक्शनने नाही आणि कशानेच नाही. पण मरण लांबवण्यासाठी काहीही करून यंत्र लावायलाच हवं, असंही चर्च म्हणत नाही. उपयोग नसलेले, फार त्रासदायक उपचार नाकारण्याची मुभा धर्मशिक्षणात स्पष्ट आहे. वेदना कमी करणारी औषधं, स्वच्छता, आणि शरीर घेत असेल तोवर अन्नपाणी मात्र सोडायचं नाही. शेत विकून व्हेंटिलेटरचे दिवस वाढवणारं घर ‘नाही म्हटलं तर पाप लागेल’ या भीतीने तसं करत असेल, तर त्यांनी फादरांशी एकदा बोलावं. बहुतेक वेळा ती भीती चर्चने घातलेली नसते.

हे आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं, आणि एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. कॅथलिक माणसाने त्यात दोन ओळी जास्त घालाव्यात, ‘शुद्धीत असताना धर्मगुरूंना बोलवावं’ आणि ‘मरण घडवून आणणारी कोणतीही कृती नको’.

अवयवदानाला चर्चची हरकत नाही, उलट प्रोत्साहन आहे. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवणं हाच त्यातला खरा अर्ज. शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला दिलं तरी प्रार्थनाविधी होतो.

मातीचा दिवस

दफनाबद्दलच्या इच्छा मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, कारण ते माती झाल्यावर उघडलं जातं. वेगळ्या कागदावर लिहा आणि तो घरातल्या दोघांकडे ठेवा. कोणत्या दफनभूमीत, आईच्या शेजारी की गावाकडे, कोणाकोणाला फोन करायचे, गीतं कोणती, आणि खर्च किती करायचा. शवपेटीवर कर्ज काढू नका, हे मरणाऱ्याने स्वतः लिहिलं तर मागच्यांवरचं दडपण उतरतं.

घरी मरण आलं तर आधी डॉक्टरांना बोलावून मरणाच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या. अपघात, सर्पदंश, विजेचा धक्का, आत्महत्या असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय आणि शवविच्छेदनाशिवाय माती देऊ नका. शेतकरी अपघाताच्या योजनेत २ लाखांचं अनुदान आहे, आणि पंचनामा व शवविच्छेदन अहवालाशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही. आत्महत्या केलेल्याला चर्चमधून माती मिळत नाही, हे जुनं झालं. आजच्या चर्च-कायद्यात तशी मनाई नाही. मिस्साही होते, प्रार्थनाही होते. कर्जापायी गेलेल्या माणसाच्या घरच्यांना कोणी दुसरं काही सांगत असेल तर सरळ फादरांकडे जा.

मग फादरांना आणि कॅटेकिस्टना (गावात धर्मशिक्षण देणाऱ्यांना) फोन. फादर वेळेत पोहोचणार नसतील तर त्यांच्या परवानगीने कॅटेकिस्ट दफनाच्या प्रार्थना घेऊ शकतात, मिस्सा नंतरच्या दिवशी ठेवता येते. पवित्र गुरुवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत अंत्यविधीची मिस्सा होत नाही, दफन मात्र होतं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. मुंबईहून लेक येईपर्यंत थांबायचं तर शीतपेटी लागते, ती तालुक्याला कोणाकडे मिळते तो नंबर आधीच लिहून ठेवा. खड्ड्याचंही तसंच. मुरमाड जागेत हाताने खणायला अर्धा दिवस जातो, आणि काळ्या मातीत पावसाळ्यात कडा ढासळतात. माणसं सकाळीच लावा. कित्येक गावांत दफनभूमी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी सामाईक आहे, तिथे जागा कोण दाखवतं हे ठरलेलं असतं, त्याला विचारूनच खणा. दफनभूमीची जागा सरकारी कागदावर कशी नोंदलेली आहे, हे मात्र कोणी मेलेलं नसताना ग्रामपंचायतीत बघून ठेवायचं काम आहे.

दहनाला १९६३ पासून चर्चची मनाई नाही, पसंती दफनालाच आहे. दहन केलं तर रक्षा दफनभूमीत किंवा पवित्र जागी ठेवायची. गोदावरीत सोडायची नाही आणि घरात ठेवायची नाही. हिंदू-बौद्ध पाहुणे दहाव्याला कधी यायचं असं विचारतात. त्यांना महिन्याच्या मिस्साची तारीख सांगा, येतात आणि मागे बसून शेवटपर्यंत थांबतात.

त्यानंतरचे तीन महिने

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. चर्चच्या मृतांच्या नोंदवहीतली नोंद वेगळी, ती या दाखल्याची जागा घेत नाही. दोन्ही करा आणि दोन्हीकडे नाव एकच लिहा. वर्ष उलटलं तर आता जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढा.

शेतीची वारस नोंद तलाठ्याकडे, तीन महिन्यांच्या आत. ऑनलाइन ई-हक्कमधूनही अर्ज जातो. अर्जात ‘मयत ख्रिस्ती होते, भारतीय वारसा अधिनियम १९२५ लागू’ असं लिहा आणि मुलींची नावं मुलांच्या बरोबरीने लिहा. नोंदीवर हरकतीची मुदत असते, तोवर सातबारा तपासत राहा. फेरफार हा महसुली कागद आहे. त्यात नाव चढलं म्हणून मालकी ठरत नाही आणि राहिलं म्हणून हक्क बुडत नाही, पण राहिलेलं नाव चढवताना पिढी जाते.

नॉमिनी नसलेल्या मोठ्या ठेवी आणि येणी यांसाठी दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे ती रक्कम वसूल करण्याचा वारसाचा दाखला, काढावं लागतं. कर्ज असेल तर वारस मिळालेल्या मालमत्तेपुरतेच जबाबदार, त्यापलीकडे नाही. सावकार दारात आला तर हे लक्षात ठेवा. कायद्याने कर्जाच्याही आधी अंत्यविधीचा रास्त खर्च आणि शेवटच्या दुखण्यातला दवाखाना फेडायचा असतो. त्यांच्या पावत्या जपा.

मिस्साचं दान जमेल तेवढं द्यावं. गरिबाचा अंत्यविधी पैशावाचून अडवायचा नाही, असं चर्चच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. पक्की कबर बांधण्याआधी तिथली पद्धत विचारा. काही ठिकाणी जागा ठरावीक वर्षांनी पुन्हा वापरतात, तिथे संगमरवरापेक्षा नावाचा साधा क्रूस बरा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरींना आशीर्वाद होतो, तेव्हा क्रूस आणि कठड्याचं काम ऑक्टोबरच्या आत उरकून घ्या. त्या आठवड्यात गवंडी मिळत नाही.